खालची टाकी
(नभोवाणीवरील भाषण)



शहरांतील पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यांत मासे ठेवलेली कांचेची पेटी दिसते. पाहुणा आला कीं त्याची दृष्टि प्रथम तिकडे वळते. सोनेरी व पट्टेदार मासे, हिरवीं लांबट पानें, मधून मधून वर येणारे हवेचे बुडबुडे, हें सारें पाहून मन क्षणभर विसावतें. परंतु ज्या हौशी गृहस्थानें एका पेटीच्या दोन आणि दोहोंच्या चार पेट्या केल्या असतील, त्याच्याकडे आपण गेलां तर तो खालच्या कपाटाचें दार उघडून आपल्याला आणखी एक टाकी दाखवील. तिच्यांत मासा नसतो, आणि शोभा तर मुळींच नसते. कांचेचे कांहीं आडपडदे, स्पंजाचे तुकडे, दगडगोटे, मडक्यांच्या खापऱ्या आणि कोपऱ्यांत घुमणारा एक लहानसा पंप, एवढाच तिचा संसार. वरच्या सर्व पेट्यांतील पाणी ओसंडून या टाकींत उतरतें आणि येथून पुन्हां वर चढविलें जातें. इंग्रजींतून आलेलें तिचें नांव ‘संप’. मराठी कानाला हा शब्द ऐकतांच गिरण्यांचे बंद दरवाजे आठवतात. येथें मात्र गोष्ट अगदीं उलट आहे. हा ‘संप’ चालू आहे तोंवरच वरच्या माशांचें जीवन चालू आहे.

या खालच्या टाकीचा इतिहास आज मी सांगणार आहे. विषय हौसेचा व लहानसा वाटेल. परंतु बंदिस्त पाणी शुद्ध कसें राहतें आणि तें शुद्ध कोण ठेवतें, या प्रश्नाचें उत्तर सांपडावयास मनुष्याला जवळजवळ अर्धें शतक लागलें. आणि त्याच प्रश्नावर एका मोठ्या शहरांत हजारों माणसांचे प्राण अवलंबून होते, हेंही आपल्याला पुढें दिसून येईल.

प्रथम अडचण काय आहे तें पाहूं. नदींतील किंवा मोठ्या तळ्यांतील माशाला पाण्याची चिंता करावी लागत नाहीं. पाणी अफाट असतें, आणि त्याची घाण पचविण्यास तळचा गाळ, वनस्पति व वाहता प्रवाह समर्थ असतात. कांचेच्या पेटींत यांपैकीं कांहींच नसतें. माशाच्या शरीरांत अन्नापासून तयार होणारा अमोनिया त्याच्या कल्ल्यांवाटे अहोरात्र पाण्यांत मिसळत असतो. उरलेलें अन्न व विष्ठा कुजून त्यांत आणखी भर पडते. हा अमोनिया थोड्या प्रमाणांत असतां डोळ्यांना दिसत नाहीं व नाकालाही कळत नाहीं. पण एक लिटर पाण्यांत मुक्त अमोनियाचा मिलिग्रॅमचा कांहीं अंश जरी सांठला तरी माशाचे कल्ले होरपळूं लागतात. नव्या पेटींतील मासे पहिल्या महिन्यांतच एकामागून एक मरतात, घरांतील मुलें रडतात, आणि वडील मंडळी म्हणतात, “पाणी तर आरशासारखें स्वच्छ होतें!” तें खरेंच असतें. परंतु स्वच्छ दिसणें आणि शुद्ध असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आजचा सारा इतिहास या भेदाचाच आहे.

या इतिहासाचा आरंभ एका मोलकरणीच्या कष्टापासून करतां येईल. १८४६ सालीं ॲना थिन नांवाच्या एका इंग्रज बाईंनीं दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गांवाहून कांहीं जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर, ताजें पाणी रोज कोठून आणावयाचें? म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशीं उभी राहून तेंच पाणी अर्धा-पाऊण तास एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत वरून ओतीत असे. अशा ओतण्यानें पाण्यांत हवा मिसळते व प्राणवायूची झालेली तूट भरून निघते. प्रवाळ जगले. आज जें काम विजेचा पंप करतो, तें त्या वेळीं एका बाईचे दोन हात करीत होते. तिचें नांव मत्स्यालयाच्या इतिहासांत आलेलें नाहीं. तिच्या श्रमांची नोंद मात्र राहिली आहे.

यानंतर तीन वर्षांनीं लंडनमधील एका रसायनज्ञानें हाच प्रश्न शास्त्राच्या मार्गानें सोडविण्याचा प्रयत्न केला. त्याचें नांव रॉबर्ट वॉरिंग्टन. औषधें तयार करणाऱ्या अपॉथेकरींच्या संस्थेंत तो काम करीत असे, आणि १८४१ सालीं स्थापन झालेल्या रसायन परिषदेच्या संस्थापकांत त्याची गणना होते. वनस्पति प्रकाशांत प्राणवायु सोडतात आणि प्राण्यांनीं सोडलेला कार्बनडायऑक्साइड शोषून घेतात, ही गोष्ट प्रीस्टली व इंगेनहौस यांच्या अठराव्या शतकांतील प्रयोगांनीं विद्वानांस माहीत झालेली होती. वॉरिंग्टननें १८४९ च्या मे महिन्यांत १२ गॅलनच्या, म्हणजे सुमारें ५४ लिटरच्या एका कांचपात्रांत दोन सोनेरी मासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची पाण्यांत वाढणारी, लांब पानांची वनस्पति लावली. तळाशीं वाळू, चिखल व दगड घातले. त्यांत चुनखडीचेही दगड होते. कांहीं दिवस सर्व ठीक चाललें. पुढें वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं व पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें पांच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं, आणि पाणी न बदलतां मासे सुखानें राहूं लागले. १८५० च्या मार्चमध्यें त्यानें हा प्रयोग रसायन परिषदेपुढें निबंधरूपानें वाचला. मासा, वनस्पति आणि गोगलगाय या तिघांचा परस्परांवर चालणारा असा एक लहानसा संसार कांचेंत मांडतां येतो, हा त्याचा निष्कर्ष होता.

हा विचार लोकांना फार आवडला. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत कांचेचे हौद मांडलेलें पहिलें मत्स्यगृह उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गवेत्त्याचें पुस्तक निघालें, आणि त्यामुळें ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर पोंचला. समुद्रकिनाऱ्यावर शिंपले व समुद्रफुलें गोळा करणें हा मध्यमवर्गीय इंग्रज कुटुंबांचा सुटींतील उद्योग होऊन बसला. परंतु ती लाट आली तशी थोड्याच वर्षांत ओसरली. वॉरिंग्टनचा समतोल त्याच्या दक्ष हातांत साधला होता. हौशी लोक चार माशांच्या जागीं चौदा मासे सोडीत, मुठीनें अन्न टाकीत, पेटी उन्हांत ठेवीत. मग पाणी हिरवें होई, घाण येई, आणि कांचपेटी माळ्यावर जाऊन पडे.

त्या अपयशाच्या काळांत खालची टाकी जन्मास आली. तिचा जनक विद्यापीठांतील पंडित नव्हता, दुकानदार होता. विल्यम ॲल्फोर्ड लॉईड हा गृहस्थ लंडनमध्यें मत्स्यालयाचें सामान व समुद्रांतील जिवंत प्राणी विकीत असे. विक्रीचा माल जिवंत राहिला नाहीं तर दुकान बुडणार, म्हणून पाण्याचा अभ्यास त्याला पोटासाठीं करावा लागला. हिरवें व गढूळ झालेलें समुद्राचें पाणी थंड, अंधाऱ्या जागीं ठेवलें तर कांहीं दिवसांनीं तें निवळतें, असें त्याच्या ध्यानांत आलें. या साध्या निरीक्षणावर त्यानें आपली योजना उभारली. प्रेक्षकांसमोरील हौदांत असतें त्याच्या कित्येक पटींनीं अधिक पाणी जमिनीखालील अंधाऱ्या, थंड हौदांत ठेवावयाचें. तेथून तें पंपानें सतत वर चढवावयाचें. वर तें हवेसह जोरानें हौदांत पडावें, एका हौदांतून दुसऱ्या हौदांत ओसंडत जावें आणि शेवटीं पुन्हां खालच्या अंधारांत उतरावें. पाणी बदलावयाचें नाहीं, फिरवावयाचें.

१८६४ सालीं हंबर्गच्या प्राणिसंग्रहालयांतील मत्स्यालय लॉईडनें या तत्त्वावर चालविलें. १८७१ सालीं लंडनजवळ सिडनहॅम येथें क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत त्याचें सर्वांत प्रसिद्ध मत्स्यालय उघडलें. तेथें एकमेकांशीं जोडलेले सुमारें ६० हौद होते, आणि वाफेच्या यंत्रावर पंप रात्रंदिवस चालत. नेपल्स येथें ॲन्टन डोर्न यानें समुद्री जीवांच्या संशोधनासाठीं जी जगप्रसिद्ध संस्था काढली, तिच्या मत्स्यालयाची रचनाही लॉईडच्या सल्ल्यानें झाली. तें १८७४ सालीं लोकांस खुलें झालें. आपल्या कपाटांतील टाकी ही या मोठ्या हौदांची धाकटी बहीण होय. वर अनेक पेट्या आणि खालीं एकच सामाईक टाकी, ही रचना त्या दुकानदारानें दीडशें वर्षांपूर्वींच पूर्णपणें सिद्ध केली होती.

पण ती कां यशस्वी होते, हें लॉईडला पुरतें ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असणें शक्यही नव्हतें. पाणी हलतें राहिलें कीं त्यांत प्राणवायु मिसळतो व त्या प्राणवायूनें घाण जणुं जळून जाते, अशी त्याची समजूत होती. तींत सत्याचा अर्धा भाग आहे. प्राणवायु पाहिजेच, परंतु नुसत्या प्राणवायूनें माशांच्या पाण्यांतील अमोनिया नाहींसा होत नाहीं. तें काम करणारा कोणी तरी कर्ता पाहिजे, आणि तो कर्ता त्या वेळीं कोणीही पाहिलेला नव्हता.

त्याचा माग फ्रान्समध्यें लागला, आणि तोही मत्स्यालयांत नव्हे, तर गटाराच्या पाण्यांत. १८७७ सालीं श्लोसिंग व म्यून्त्स या दोघा शास्त्रज्ञांनीं कांचेच्या एका उंच नळींत वाळू व चुनखडी भरली आणि तिच्यावरून गटाराचें पाणी अगदीं सावकाश झिरपूं दिलें. वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. जेवढा अमोनिया वरून जाई तेवढाच खालून बाहेर पडे. त्यानंतर मात्र खालच्या पाण्यांत नायट्रेट दिसूं लागलें, आणि पुढें अमोनिया अजिबात नाहींसा झाला. ही रासायनिक क्रिया आहे कीं जीवांची? त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. तत्क्षणीं नाहीं, पण लवकरच नायट्रेट तयार होणें थांबलें. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही क्रिया आपोआप सुरू झाली नाहीं. ताज्या मातीचें थोडें धोवण ओतल्यावर कांहीं दिवसांनीं ती पुन्हां सुरू झाली. क्लोरोफॉर्मनें बधिर होतो व मरतो तो जीवच असला पाहिजे. वाळूच्या कणाकणावर वस्ती करून राहिलेले जंतु अमोनियाचें रूपांतर करीत होते.

या शोधाचें पुढचें काम ज्यानें हातीं घेतलें त्याचेंही नांव रॉबर्ट वॉरिंग्टन! मत्स्यालयवाल्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. बापानें कांचपात्रांत दोन मासे सोडले तेव्हां तो दहा-अकरा वर्षांचा होता. मोठेपणीं तो लंडनच्या उत्तरेस असलेल्या रॉथॅमस्टेड येथील शेतीच्या प्रयोगशाळेंत रसायनज्ञ झाला. शेतांतील अमोनियाचें नायट्रेट कसें होतें हा त्याचा विषय. आपल्या देशांत जुन्या वस्तीच्या व गोठ्यांच्या मातींतून बंदुकीच्या दारूसाठीं सोरा काढीत, तो सोरा म्हणजे याच क्रियेचें फळ. धाकट्या वॉरिंग्टननें अनेक वर्षें प्रयोग करून दोन गोष्टी दाखविल्या. पहिली अशी कीं, ही क्रिया अंधारांत उत्तम चालते व प्रखर प्रकाशांत खुंटते. दुसरी अशी कीं, ती दोन टप्प्यांनीं होते: अमोनियाचें प्रथम नायट्राइट होतें आणि नायट्राइटचें मग नायट्रेट होतें, आणि हीं दोन कामें करणारे जंतु निरनिराळे असतात. ते जंतु वेगळे काढण्याचें श्रेय मुख्यतः सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे जातें. १८९० सालीं झुरिक येथें त्यानें तें साधलें. हे जंतु अन्नावर जगत नाहींत. अमोनिया किंवा नायट्राइट यांच्याशीं प्राणवायूचा संयोग घडवून ते आपली शक्ति मिळवितात, म्हणून नेहमींच्या पौष्टिक रसांत ते वाढतच नसत. हें ओळखल्यावर त्याला यश आलें.

आतां मागें वळून पहा. बापानें पाण्याच्या शुद्धतेचें श्रेय वनस्पतीला व गोगलगाईला दिलें. तें खोटें नव्हतें. वनस्पति कांहीं अमोनिया स्वतःही शोषून घेते. परंतु त्याच पात्राच्या तळाशीं वाळू होती आणि चुनखडी होती, म्हणजे श्लोसिंगच्या नळींतील सर्व सामग्री होती. त्या वाळूवर बसून जो तिसरा कामकरी वर्षानुवर्षें राबत होता, त्याची ओळख तीस-चाळीस वर्षांनीं मुलाच्या पिढीला झाली. आणि लॉईडचा हौद अंधारांत कां चांगला चाले, तेंही या प्रयोगांच्या प्रकाशांत उलगडतें. अंधारांत पाणी हिरवें करणारें शेवाळ वाढत नाहीं, आणि अंधार हा या जंतूंना मानवतो. दुकानदाराचा हात बरोबर पडला होता. त्याचें शास्त्र मागाहून आलें.

या ज्ञानाची किंमत किती होती, हें लवकरच एका भयंकर प्रसंगानें जगाला कळलें. १८९२ सालीं हंबर्गमध्यें पटकीची सांथ आली. हें तेंच शहर, जेथें अठ्ठावीस वर्षांपूर्वीं माशांसाठीं फिरत्या पाण्याची व्यवस्था झाली होती. माणसांना मात्र नळानें एल्ब नदीचें पाणी न गाळतां पुरविलें जात होतें. शेजारचें आल्टोना शहर त्याच नदीचें, प्रवाहाच्या खालच्या बाजूचें म्हणजे अधिक घाण पाणी घेत होतें. पण तेथें तें पाणी वाळूच्या थरांतून सावकाश झिरपवून मग देत. हंबर्गमध्यें आठ हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. आल्टोना पुष्कळ अंशीं वांचलें. मधली सीमा कांहीं ठिकाणीं एका रस्त्याएवढी होती. रॉबर्ट कॉख यानें या सांथीचा अभ्यास करून सांगितलें कीं, गाळणींत वाळूइतकेंच, किंबहुना अधिक, महत्त्व वाळूच्या माथ्यावर बसणाऱ्या बुळबुळीत थराला आहे. ज्या थराला सामान्य मनुष्य घाण म्हणून खरवडून टाकील, त्यानें एका शहराचे प्राण राखले.

आपल्याकडेही जुन्या घरांतून तिपाईवर एकावर एक घागरी ठेवून, कोळसा व वाळू यांतून पाणी गाळण्याची पद्धत होती. त्या पद्धतीमुळें गाळणी म्हणजे कचरा अडविणारी चाळणी, अशी आपली कल्पना दृढ झाली. मत्स्यालयाच्या हौशी जगांतही तेंच घडलें. शास्त्रज्ञ जंतूंविषयीं लिहीत होते. गटाराचें पाणी शुद्ध करणारे स्थापत्यकार दगडांच्या थरांवरून तें पाणी झिरपवून या जंतूंकडून उघड उघड काम करून घेत होते. पण घरगुती पेटींतील कापूस व कोळसा मात्र दर आठवड्यास नळाखालीं धुतला जात होता. धुणाराची समजूत अशी कीं, आपण माशांवर उपकार करीत आहों. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो व तो जंतु मारण्यासाठींच घातलेला असतो. म्हणून त्या धुण्यानें माशांचा खरा रक्षक दर आठवड्यास मारला जाई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही फारकत संपली. मुंबईंत तारापोरवाला मत्स्यालय उघडलें तें १९५१ सालीं. तें पाहून घरीं परतलेल्या कित्येक मुलांनीं वडिलांकडे कांचेच्या पेटीचा हट्ट धरला असेल. १९६० नंतरच्या दशकांत कांचा जोडण्यास सिलिकोनचा चिकट रस मिळूं लागला, आणि लोखंडी चौकट व लांबी यांवांचून हवी तशी टाकी घरीं बनविणें कोणासही शक्य झालें. १९७० सालीं स्टीफन स्पॉट या अमेरिकन लेखकानें बंदिस्त पाण्याच्या व्यवस्थेवर ग्रंथ लिहून, गाळणी म्हणजे प्रथम जंतूंचें घर होय हा विचार मत्स्यालयवाल्यांपुढें स्पष्ट मांडला. १९८६ सालीं जॉर्ज स्मिट यानें एका अमेरिकन मासिकांत प्रवाळांच्या पेटीखालीं ठेवावयाच्या, पाणी झिरपविणाऱ्या गाळणीचें वर्णन केलें, आणि ती कल्पना हौशी लोकांनीं उचलून धरली. लॉईडचा भुयारांतील हौद अशा रीतीनें घरच्या कपाटांत येऊन बसला.

आतां ती टाकी घरीं करूं इच्छिणारांसाठीं तिची रचना थोडक्यांत सांगतों. आपल्या इमारतींत खालची टाकी, पंप आणि गच्चीवरची टाकी असतेच. तेंच चक्र येथें आहे, एवढाच फरक कीं वापरलेलें पाणी पुन्हां खालींच यावयाचें. प्रत्येक पेटीला ओसंडण्याची आपली स्वतंत्र नळी असावी, आणि ती पाणी वर चढविणाऱ्या नळीहून जाड असावी. एका पेटींतून दुसऱ्या पेटींत वक्रनळी टाकून पाणी नेण्याचा मोह धरूं नये. त्या नळींत हवा शिरली कीं प्रवाह तुटतो, आणि पाणी जमिनीवर सांडतें. खालच्या टाकींत पहिल्या कप्प्यांत स्पंज ठेवावा; तो जाड कचरा अडवितो. दुसऱ्या, सर्वांत मोठ्या कप्प्यांत सच्छिद्र दगड, खापऱ्या किंवा प्लॅस्टिकचीं कडीं भरावीं. येथें जंतु राहतात, म्हणून वस्तूचें वजन पहावयाचें नसून तिचा पृष्ठभाग किती हें पहावयाचें. त्यापुढें दोन-तीन आडपडदे बुडबुडे मोडण्यासाठीं, आणि शेवटच्या कप्प्यांत पंप. सर्व पाणी तासाला चार-पांच वेळां फिरेल, इतक्या शक्तीचा पंप सामान्यतः पुरतो.

वीज गेली म्हणजे काय होईल, याचा हिशेब मात्र टाकी बनविण्यापूर्वींच केला पाहिजे. समजा, ९० सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद अशा तीन पेट्या आहेत, आणि पंप थांबल्यावर प्रत्येकींतील पाणी ३ सेंटिमीटरनें उतरतें. ९० गुणिले ४० गुणिले ३, म्हणजे १०,८०० घन सेंटिमीटर. एका पेटीचे पावणेअकरा लिटरांहून थोडें अधिक, आणि तिन्ही मिळून सुमारें साडेबत्तीस लिटर पाणी खालीं येणार. तेवढी जागा, आणि नळ्यांतील पाण्यासाठीं आणखी थोडी, खालच्या टाकींत नेहमीं रिकामी राखावी. शिवाय पाणी वर नेणाऱ्या नळीला, वरच्या पेटींतील पाण्याच्या पातळीच्या किंचित् खालीं एक बारीक भोंक पाडावें. पातळी उतरतांच त्यांतून हवा शिरते व उलटा प्रवाह थांबतो. हें भोंक पाडावयाचें राहिलें, किंवा गाळानें बुजलें, तर नळीच्या तोंडापर्यंतचें सारें पाणी खालीं उतरेल व दिवाणखान्याचें तळें होईल.

या रचनेचे दोषही सांगितले पाहिजेत. जें पाणी सर्व पेट्यांचें एक, त्यांतील रोगही सर्वांचा एक. नवा मासा आणला कीं तो प्रथम कांहीं आठवडे निराळ्या पेटींत ठेवावा, आणि आजारी माशाला औषधही तेथेंच द्यावें. कारण पुष्कळशीं औषधें जंतु ओळखून मारीत नाहींत, उपकारी जंतूही त्यांत सांपडतात. तसेंच पंप फार वेळ बंद राहिला तर दगडांवरील जंतु प्राणवायूवांचून गुदमरतात. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते त्यांनीं बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा. आणि जंतूंनीं केलेलें नायट्रेट शेवटीं पाण्यांतच सांठतें. म्हणून मधून मधून थोडें पाणी काढून क्लोरीन घालविलेलें ताजें पाणी घालणें चुकत नाहीं. स्पंज धुवावयाचा तो या काढलेल्या पाण्यांतच धुवावा, नळाखालीं नव्हे.

मत्स्यालयांनीं शास्त्राकडून जें घेतलें, त्याची फेडही पुढें केली. २००५ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या एका हौदांतील वाळूखड्यांतून अमोनिया पचविणारा एक सूक्ष्म जीव वेगळा करण्यांत आला. तो विनोग्राड्स्कीच्या जंतूंच्या जातीचा नव्हता, तर आर्किया नांवाच्या जीवांच्या अगदीं निराळ्या शाखेंतील होता. २०१५ सालीं दोन संशोधक-मंडळांनीं असे जंतु दाखवून दिले कीं जे अमोनियाचें नायट्रेट एकट्यानेंच, दोन्ही टप्पे मिळून करतात. त्यांपैकीं एका मंडळाला ते सांपडले मत्स्यसंवर्धनाच्या फिरत्या पाण्याच्या गाळणींत. हीं दोन कामें सदैव दोन निरनिराळे जंतु करतात, हा धाकट्या वॉरिंग्टनच्या काळापासूनचा सिद्धांत अशा रीतीनें सव्वाशें वर्षांनीं सुधारावा लागला.

नवी टाकी बसविणारानें शेवटीं एकच गोष्ट ध्यानांत ठेवावी, आणि ती म्हणजे श्लोसिंगची ती कांचेची नळी. पंप सुरू झाला, पाणी चमकूं लागलें, म्हणजे टाकी तयार झाली असें नव्हे. दगडांवर जंतूंची वस्ती पुरती बसावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. या काळांत चिमूटभर अन्न कुजूं द्यावें, किंवा कोणाच्या जुन्या टाकींतील मूठभर ओले दगड मागून आणून घालावे. पाण्यांतील अमोनिया व नायट्राइट तपासीत रहावें, आणि दोन्ही शून्यावर आल्यावांचून मासे आणूं नयेत. घरांतील मंडळी विचारतील कीं, एवढें पाणी रिकामेंच कां फिरतें आहे? त्यांना सांगावें कीं, पॅरिसच्या त्या नळींतही वीस दिवस कांहींच घडत नव्हतें. एकोणिसाव्या दिवशीं कंटाळून कोणी ती वाळू धुवून टाकली असती, तर विसाव्या दिवसानंतर जें दिसलें तें त्या नळींत तरी कधींच दिसलें नसतें.